बायझंटाईन साम्राज्य हजार वर्षं टिकलं कसं? सोन्याच्या नाण्याकडून बघितलं तर

विचारलंय असं, की बायझंटाईन साम्राज्यावर (म्हणजे पूर्वेकडचं रोमन साम्राज्य, राजधानी कॉन्स्टँटिनोपल, आजचं इस्तंबूल) कायम कोणी ना कोणी चालून येत होतं, गादीसाठी डोळे काढणं नाक कापणं चालू होतं, अर्धा मुलूख सातव्या शतकातच गेला, तरी ३३० पासून १४५३ पर्यंत ते टिकलं कसं, आणि शेवटी पडलं ते सेल्जुक तुर्कांशी झालेल्या मँझिकर्टच्या लढाईमुळे की तुर्कांच्या तोफांमुळे. शिवाय एक उपप्रश्न आहे, की आजीच्या डब्यात दोन उभ्या माणसांचं चित्र असलेलं सोन्याचं नाणं आहे, ते बायझंटाईन असू शकतं का. मी जुन्या नाण्यांच्या कामात बरीच वर्षं आहे, त्यामुळे माझं उत्तर नाण्याच्या बाजूनेच येणार. लढायांची वर्णनं कुठेही मिळतील, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा कंटाळाच येतो.

थोडक्यात माझं मत असं: हे राज्य टिकलं कारण दरवर्षी शेतकऱ्याकडून सोन्यात कर घ्यायचा आणि त्याच सोन्यात सैनिकाला नि कारकुनाला पगार द्यायचा हे चक्र त्यांनी शेकडो वर्षं बंद पडू दिलं नाही. आणि पडलं ते हे चक्र दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर. तटबंदी, आरमार, ग्रीक फायर (शत्रूच्या जहाजांवर फेकायचा जळता द्रव), डिप्लोमसी हे सगळं आहेच, पण त्या प्रत्येकाचं बिल कोणीतरी भरत होतं ना.

आधी नाणं बघू. कॉन्स्टंटाईन बादशहाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीला सॉलिडस नावाचं सोन्याचं नाणं काढलं, एका रोमन पाउंडात ७२ नाणी असा हिशोब, म्हणजे एक नाणं साधारण साडेचार ग्रॅम. हातात घेतलं तर पातळ वाटतं, आपल्या जुन्या रुपयापेक्षा बरंच लहान, पण सोनं इतकं शुद्ध की दीड हजार वर्षं जमिनीत राहिलेलं असलं तरी काल पाडल्यासारखं पिवळं दिसतं. एका बाजूला बादशहा, दुसऱ्या बाजूला पंखवाली देवदूतासारखी आकृती किंवा क्रॉस, आणि खाली बारीक अक्षरांत टांकसाळीची खूण जिचा मतलब कॉन्स्टँटिनोपलचं शुद्ध केलेलं सोनं. बाजारात हे तपासायला पितळेची आणि काचेची छोटी वजनं असायची, सरकारी शिक्क्याची, ती आजही म्युझियममध्ये बघायला मिळतात. ग्रीकमध्ये याच नाण्याला नोमिस्मा म्हणायचे, मी पुढे तेच नाव वापरतो. आता महत्त्वाची गोष्ट. हे वजन आणि ही शुद्धता सुमारे सातशे वर्षं जवळपास तशीच राहिली. मधे काही हलक्या वजनाची नाणी पाडली गेली, जस्टिनियनच्या काळात तर २० कॅरेट वजनाची (इथे कॅरेट म्हणजे वजन, पूर्ण नाणं २४ चं) म्हणून उघड खूण करून पाडलेली आहेत, पण मुख्य नाणं कोणी बिघडवलं नाही. सातशे वर्षं! जगात इतका काळ टिकलेलं दुसरं सोन्याचं नाणं चटकन सांगता येत नाही.

याचा आपल्याशी पण एक धागा आहे. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस नावाचा व्यापारी होता, त्याने हिंदी महासागरातल्या बंदरांबद्दल लिहून ठेवलंय, त्यात कल्याणचं नाव येतं, तिथल्या ख्रिश्चनांचं नि इराणहून नेमून येणाऱ्या बिशपचं पण. तोच श्रीलंकेची एक गोष्ट सांगतो. तिथल्या राजासमोर एक इराणी आणि सोपात्रस नावाचा रोमन व्यापारी एकदमच आले, राजाने विचारलं तुमच्यापैकी कोणाचा राजा मोठा, इराण्याने आपल्या राजाची लांबलचक तारीफ केली, आणि सोपात्रस म्हणाला दोन्ही राजे इथेच आहेत की, बघून घ्या, आणि दोघांची नाणी पुढे ठेवायला लावली. इराण्याचं नाणं चांदीचं, रोमनचं सोन्याचं नि रेखीव. राजाने निकाल दिला आणि सोपात्रसची हत्तीवरून ढोल वाजवत मिरवणूक निघाली. गोष्ट थोडी शिजवलेली वाटते, कारण रोमन लेखक प्लिनीने त्याच्या पाचशे वर्षं आधी श्रीलंकेबद्दलच जवळपास अशीच एक नाण्याची गोष्ट लिहिलेली आहे, पण अशी गोष्ट सांगावीशी वाटली यातच नाण्याची पत कळते. दक्षिण भारतात सापडलेल्या या नाण्यांना बऱ्याचदा बादशहाच्या डोक्याच्या वर शेजारी शेजारी दोन भोकं पाडलेली असतात, म्हणजे इथल्या बायकांनी ती गळ्यात ओवली.

आता चक्र कसं फिरायचं ते सांगतो, कारण इथेच खरी मेख आहे. नाणं चांगलं असणं वेगळं आणि ते खजिन्यात परत येणं वेगळं. सरकारने सोन्यात पगार दिला, सैनिकाने ते गावाकडच्या बाजारात खर्च केलं, आता ते सोनं परत आणायचं कसं? तर कर सोन्यात मागायचा. इतकं की नंतरच्या काळातला एक नियम होता, तुमचा कर नोमिस्माच्या दोन तृतीयांश किंवा जास्त भरत असेल तर तुम्ही आख्खं सोन्याचं नाणं आणून द्यायचं आणि वरची मोड तांब्यात परत घ्यायची. शेतकऱ्याला वैताग, कारण त्याने सोनं आणायचं कुठून, पण सरकारचं सोनं सरकारकडे येतंच. जमिनीची मोजणी, कोणाच्या नावावर किती, कोण पळून गेला, सगळी दप्तरं. पळून गेलेल्याचा कर शेजाऱ्यांनी भरायचा. तीस वर्षं कर भरला नाही तर ती जमीन सरकारजमा. हे वाचताना कोणालाही तिथलं शेतकरी व्हावंसं वाटणार नाही, मला पण नाही, पण राज्य टिकण्याच्या दृष्टीने बघितलं तर त्या काळच्या पश्चिम युरोपात एकाही राजाकडे असलं काही नव्हतं. तिकडे राजा सरदाराला जमीन द्यायचा आणि सरदार आपली माणसं घेऊन लढायला यायचा, मूड असेल तर. इकडे पगारी फौज आणि पगारी कारकून.

आणि म्हणून गादीवरच्या मारामाऱ्यांनी फारसं बिघडायचं नाही. बादशहा बदलायचा, खात्याचा प्रमुख पण कधी बदलायचा, पण खालचं दप्तर चालूच. महसूल खात्याचे, जकातीचे, लष्कराच्या हिशोबाचे अधिकारी पत्रांना शिशाचे शिक्के लावायचे, ते शिक्के आज हजारोंनी उपलब्ध आहेत, त्यावर नाव, हुद्दा, प्रांत. हातात घेतले की चिखलाच्या गोळीसारखे दिसतात, कोणी ढुंकून बघत नाही, पण मला विचाराल तर या राज्याचा सगळ्यात बोलका पुरावा तोच.

पाचव्या शतकात पश्चिमेचं रोम गेलं आणि पूर्वेचं राहिलं त्याचं पण उत्तर इथेच मिळतं. हूणांना पूर्वेने आधी वर्षाला ३५० पाउंड सोनं दिलं, मग ७००, मग २,१००. लोक म्हणतात काय हा भेकडपणा. पण देऊ शकले हे बघा ना. इजिप्त, सिरिया, आशिया मायनर, सगळे श्रीमंत प्रांत पूर्वेकडे होते आणि तिथे हूण पोचत नव्हते. ४४७ ला भूकंपात राजधानीच्या तटाचे ५७ बुरूज पडले आणि हूणांचा राजा अॅटिला येतोय अशी बातमी, तर शहराने दोन महिन्यांत तट परत उभा केला. पैसा, माणसं आणि ती कामाला लावणारी यंत्रणा एकत्र असल्याशिवाय हे होत नाही. पुढे अनास्तासियस नावाचा बादशहा आला, ४९१ ते ५१८, लोकांना त्याचं नाव माहीत नसतं कारण त्याने काही जिंकलं नाही. तो मेला तेव्हा खजिन्यात ३,२०,००० पाउंड सोनं होतं असं त्याच शतकातला इतिहासकार प्रोकोपियस सांगतो, आणि हे त्याने शहरातल्या व्यापाऱ्यांवरचा एक बदनाम कर ४९८ मध्ये रद्द करून शिल्लक टाकलं होतं. त्यानेच तांब्याच्या चिल्लरचा गोंधळ मिटवला, ४० ची खूण असलेलं मोठं नाणं काढलं. जस्टिनियनने जे काही केलं, इटली परत घेतली, आफ्रिका घेतली, ५३२ ते ५३७ मध्ये हागिया सोफिया हे मोठं चर्च बांधलं, इराणला ११,००० पाउंड सोनं देऊन तह केला, त्याची सुरुवात या कंजूस म्हाताऱ्याच्या पैशावर झाली. नाव मात्र जस्टिनियनचं झालं. असो, चालायचंच.

मग सातवं शतक, म्हणजे खरी परीक्षा. आधी इराण्यांनी सिरिया, पॅलेस्टाईन, इजिप्त घेतलं. इजिप्तहून वर्षाला ८० लाख आर्ताबा, आर्ताबा हे तिकडचं धान्याचं माप, इतका गहू राजधानीला यायचा असं जस्टिनियनच्या काळातल्या हुकुमात आहे, तो बंद झाला आणि ६१८ मध्ये राजधानीतलं फुकट पावाचं वाटप थांबलं. हेराक्लियस बादशहाने काय केलं बघा. चर्चची चांदीची भांडी कर्जाऊ घेतली आणि ६१५ पासून चांदीचं एक जाडजूड नाणं पाडलं, घाईघाईत पाडलेलं, बऱ्याचदा ठसा एकीकडे सरकलेला, कडा तिरक्या, आणि त्यावर लॅटिनमध्ये लिहिलं ‘देवा, रोमनांना मदत कर’. नाण्यावर इतकी उघड आरोळी मी दुसरीकडे बघितलेली नाही. आणि त्याच वेळी पगार निम्मे केले. हे नीट लक्षात घ्या, पगार निम्मा केला पण सोन्याच्या नाण्यात तांबं चांदी मिसळली नाही. सैनिकाला सांगितलं अर्धेच मिळतील, पण जे मिळेल ते खरं. असला निर्णय घ्यायला छाती लागते, कारण आधीचा मॉरिस बादशहा पगार आणि रसदीत काटकसर करायला गेला म्हणून ६०२ मध्ये सैन्याने बंड करून त्याचा मुलांसकट जीव घेतला होता. हेराक्लियसने ६२७ ला निनेव्हेला इराण्यांना हरवलं, सगळं परत मिळवलं, आणि दहा वर्षं पण सुख नाही, ६३६ ला यारमुकला अरबांनी सिरिया घेतला, पाठोपाठ इजिप्त गेलं, या वेळी कायमचं.

इथे बहुतेक राज्यं संपली असती. उत्पन्नाचा मोठा हिस्साच गेला होता. पण त्यांनी फौज मागे आशिया मायनरमध्ये आणली, प्रांतांमध्ये पसरवून ठेवली, हळूहळू सैनिकांना जमिनीचा आधार आला, रोख पगार कमी झाला पण पूर्ण बंद कधीच झाला नाही. ही जी थीम म्हणून लष्करी प्रांतांची व्यवस्था आहे ती हेराक्लियसने एका झटक्यात आणली असं जुनी पुस्तकं सांगायची, आता फार कोणी मानत नाही, ती शतकभरात घडत गेली. ७१७-१८ मध्ये अरबांनी राजधानीला वेढा घातला तेव्हा तट, थंडी, बल्गार आणि ग्रीक फायर या सगळ्यांनी मिळून वाचवलं, ते सगळ्यांना माहीत असतं. मला त्यापेक्षा नाण्यांची लढाई मजेशीर वाटते. अरब राज्यात सुरुवातीला हीच रोमन सोन्याची नाणी चालायची. मग दुसऱ्या जस्टिनियनने नाण्यावर चक्क येशूचा चेहरा आणला आणि स्वतः दुसऱ्या बाजूला उभा राहिला, आणि त्याच दशकात खलिफा अब्द अल-मलिकने चित्रच काढून टाकलं, फक्त अक्षरं असलेला दिनार पाडला. दोन्ही नाणी शेजारी ठेवली की दोन राज्यांचं भांडण न वाचता समजतं. (या जस्टिनियनचं पुढे नाक कापून हाकलला होता, तरी दहा वर्षांनी परत येऊन गादीवर बसला. चिवट माणूस.) आणि नाण्यावरून आठवलं, बादशहीण आयरीन ७९७ ला मुलाचे डोळे काढून एकटी राज्य करायला लागली तेव्हा तिने नाण्याच्या दोन्ही बाजूंना स्वतःचाच चेहरा टाकला.

आयरीनने लोकप्रिय व्हायला कर माफ केले आणि तिच्यानंतर आलेला निकेफोरस पहिला, जो आधी महसूल खात्याचाच प्रमुख होता, त्याने ते सगळे परत बसवले, वर गरीब सैनिकाच्या हत्यारांचा खर्च, माणशी साडेअठरा नोमिस्मा, गाववाल्यांवर टाकला. इतिहास लिहिणाऱ्या साधूने त्याला भरपूर शिव्या घातल्यात, बल्गार राजा क्रुमने ८११ ला त्याला मारून कवटीचा प्याला केला तेव्हा साधूला आनंदच झाला असावा. पण पुढच्या शतकातली भरभराट याच्या आखणीवर उभी आहे असं मला वाटतं.

भरभराट म्हणजे काय ते दहाव्या शतकात इटलीहून वकील म्हणून आलेल्या ल्युटप्रांडने डोळ्यांनी बघितलं. साल ९५०, ईस्टरच्या आधीचा पगारवाटपाचा आठवडा. लांबलचक टेबल, त्यावर सोन्याच्या नाण्यांच्या पिशव्या, प्रत्येक पिशवीवर किती ते लिहिलेलं, आणि बादशहा सातवा कॉन्स्टंटाईन स्वतः हजर. नावं पुकारली की हुद्द्याप्रमाणे एकेक अधिकारी पुढे यायचा. पहिल्याला पिशवी हातात न देता खांद्यावर ठेवली, सोबत रेशमी झगे. फौजेचा नि आरमाराचा प्रमुख आले, त्यांची नाणी इतकी की खांद्यावर पेलेनात, मदतनीस घेऊन ओढत नेली. मग मॅजिस्टर हुद्द्याचे चोवीस जण, प्रत्येकी २४ पाउंड सोनं, मग पॅट्रिशियन, प्रत्येकी १२ पाउंड. हे तीन दिवस चाललं. बादशहाने विचारलं कसं वाटलं, तर हा पठ्ठ्या म्हणाला छान आहे, मला पण काही मिळालं तर आणखी छान वाटेल, आणि त्याला एक पाउंड सोनं मिळालं. त्या काळी पश्चिमेत कोणी राजा टेबल मांडून असा पगार वाटत नव्हता. शिवाय ही नुसती श्रीमंती नव्हती, प्रत्येक अधिकाऱ्याला वर्षातून एकदा कळायचं की आपलं पोट कोणाच्या हाताला बांधलेलं आहे.

पण याच काळात खाली एक गोष्ट कुरतडायला लागली होती. ९२७-२८ च्या भयंकर हिवाळ्यात दुष्काळ पडला आणि बड्या लोकांनी गरिबांच्या जमिनी मातीमोल भावाने घेतल्या. छोटा शेतकरी म्हणजे कर आणि सैनिक, आणि बडा जमीनदार म्हणजे वशिला आणि सूट, हे सरकारला पक्कं माहीत होतं, म्हणून ९३४ पासून बादशहा एकामागून एक कायदे करत राहिले, की घेतलेल्या जमिनी परत करा. दुसऱ्या बेसिलने ९९६ च्या कायद्यात एक उदाहरणच दिलंय. फिलोकालेस नावाचा साधा गावकरी, दरबारात हुद्दे मिळवत गेला आणि आख्खं गाव विकत घेऊन बसला. बेसिल तिथे गेला, त्याचे वाडे जमीनदोस्त केले, जमिनी परत वाटल्या आणि त्याला पुन्हा साधा शेतकरी करून टाकला. मालेइनोस नावाच्या एका धनदांडग्याने तर बेसिलच्या आख्ख्या फौजेला आपल्या घरचं जेवण घातलं, बेसिलने आभार मानले, पाहुणा म्हणून राजधानीत नेला आणि मरेपर्यंत सोडलाच नाही, मेल्यावर इस्टेट जप्त. वर कायदा असा की गरिबाचा थकलेला कर शेजारच्या श्रीमंताने भरायचा. बेसिल १०२५ ला मेला तेव्हा खजिन्यात दोन लाख पाउंड सोनं होतं, ठेवायला जागा नाही म्हणून जमिनीखाली गोल गोल भुयारं खोदली होती असं प्सेलोस हा इतिहासकार लिहितो. लोक त्याला बल्गारांचे डोळे काढणारा म्हणून ओळखतात, पण माझ्या लेखी तो या राज्याचा शेवटचा पक्का हिशोबनीस.

इथून उतार. आणि मँझिकर्ट १०७१ मध्ये आहे, म्हणजे ४६ वर्षांनी. या ४६ वर्षांत काय झालं ते नाणंच सांगतं. श्रीमंतांवरचा तो कर बेसिलनंतर तीन-चार वर्षांतच रद्द झाला. मग १०४० च्या दशकात नववा कॉन्स्टंटाईन मोनोमाखोस, दिलदार माणूस, हुद्दे वाटले, पगार वाढले, आणि नाण्यात भेसळ सुरू झाली ती १८-१९ कॅरेटपर्यंत आली. काही अभ्यासक म्हणतात व्यापार वाढला होता, नाणी कमी पडत होती, म्हणून भेसळ ही एक प्रकारची सोय होती. पटण्यासारखं आहे थोडंसं. पण त्याच माणसाने पूर्व सरहद्दीवरची फौज मोडली, तुम्ही लढू नका त्याऐवजी कर भरा म्हणाला, जुने लेखक पन्नास हजार सैनिकांचा आकडा देतात, आणि नेमके त्याच सरहद्दीवर सेल्जुक तुर्क येत होते. मँझिकर्टला बादशहा रोमानोस दिओगेनीस पकडला गेला, पण फौजेची कत्तल झाली नव्हती, सेल्जुक सुलतान अल्प अर्सलानने त्याला आठवडाभरात सोडून दिलं, तहाच्या अटी पण जीवघेण्या नव्हत्या. नुकसान झालं ते नंतरच्या दहा वर्षांत, आपसातल्या लढाईत, जेव्हा गादीचा प्रत्येक उमेदवार तुर्कांनाच भाड्याने बोलवत होता आणि नाण्यातलं सोनं घसरत घसरत आठ कॅरेटवर आणि पुढे त्याच्याही खाली गेलं. मायकेल सातव्याच्या काळात गव्हाचं माप पाव हिश्शाने कमी मिळायला लागलं म्हणून लोकांनी त्याचं नावच ‘पावकमी’ अशा अर्थाचं ठेवलं. त्या दशकातली नाणी ओळीने मांडून बघा, पिवळी, फिकट पिवळी, मग पांढुरकी, कुठलं पुस्तक उघडायची गरज पडत नाही.

अलेक्सियस कोम्नेनोसने १०९२ मध्ये नवीन नाणं काढलं, हायपरपायरॉन, साडेवीस कॅरेटचं, वाटीसारखं खोलगट, आणि गाडी परत रुळावर आणली, शतकभर चालली पण. मग मी त्याला दोष का देतो? कारण नॉर्मन लोक अंगावर आले होते, आरमार नव्हतं, इटलीतल्या व्हेनिस या व्यापारी शहराचं हवं होतं, म्हणून १०८२ मध्ये त्याने व्हेनिसच्या व्यापाऱ्यांना जकात माफ केली, राजधानीत धक्के दिले. सगळ्यांना दहा टक्के जकात आणि व्हेनिसवाल्याला शून्य. त्याच्या मुलाने सवलत नाकारून बघितली, व्हेनिसने बेटं लुटली, झक मारत परत द्यावी लागली. नातवाने ११७१ मध्ये एका दिवसात राज्यभरचे व्हेनिसवाले अटक केले आणि माल जप्त केला, त्याचं वैर उरलं ते उरलंच. दुसरीकडे सैनिकाला रोख पगाराऐवजी एखाद्या भागाचा कर परस्पर वसूल करायचा हक्क द्यायची पद्धत वाढली, आपल्याकडच्या सरंजामासारखीच म्हणा. म्हणजे कर खजिन्यात यायच्या आतच वाटला गेला, आणि ल्युटप्रांडने बघितलेलं ते टेबल रिकामं व्हायला लागलं.

आता आजीचं नाणं. दोन उभ्या आकृत्या, मधे झेंड्याची काठी, एकजण गुडघ्यावर टेकल्यासारखा, असं असेल तर ते बायझंटाईन नाही, ती पुतळी आहे, पुतळ्यांच्या माळेतली. मूळ नाणं व्हेनिसचं डुकाट, १२८४ पासूनचं, साडेतीन ग्रॅम, जवळपास शुद्ध सोनं, चित्रात सेंट मार्क व्हेनिसच्या प्रमुखाला झेंडा देतोय. तांबड्या समुद्राच्या व्यापारातून ही नाणी आपल्याकडे इतकी आली की सोनारांनी त्यांच्या नकला पाडल्या, लॅटिन अक्षरांच्या नुसत्या रेघोट्या झाल्या, आणि आजच्या पुतळ्यांवर बहुतेक लक्ष्मी असते. वजन करा, साडेतीनच्या आसपास किंवा कमी भरलं तर पुतळीच. अक्षरं नीट वाचता येत असतील तर मात्र आधी जाणकाराला दाखवा, सोनाराकडे मोडीत देऊ नका. आणि या नाण्याचा इथे संबंध असा, की हेच डुकाट पुढे भूमध्य समुद्रात कॉन्स्टँटिनोपलच्या नाण्याच्या जागी बसलं.

बसलं कारण मधे १२०४ झालं. पश्चिम युरोपातून धर्मयुद्धाला निघालेल्या चौथ्या क्रूसेडवाल्यांनी व्हेनिसला जहाजांचे ८५,००० मार्क (मार्क म्हणजे चांदीचं एक वजन) द्यायचे होते, ३४,००० कमी पडत होते, तेवढ्यात एक पळपुटा बायझंटाईन राजपुत्र आला आणि म्हणाला मला गादीवर बसवा, दोन लाख मार्क देतो. बसवला. खजिना उघडला तर आधीचा बादशहा जमेल तेवढं सोनं घेऊन पळालेला. चर्चची भांडी वितळवून पण पुरेना, आणि एप्रिलमध्ये क्रूसेडवाल्यांनी शहरच लुटलं. इतक्या शतकांत हा तट बाहेरच्या शत्रूने पहिल्यांदा जिंकला, तो कर्जवसुलीला आलेल्यांनी. मला विचाराल तर साम्राज्य इथे संपलं, १२६१ ला जे परत आलं ते त्या नावाचं एक लहान ग्रीक राज्य होतं. लोक यावर वाद घालतात, घालू देत.

पुढचं भराभर सांगतो. मायकेल आठव्याने शहर परत घेतलं पण त्यासाठी जिनोआला, म्हणजे व्हेनिसच्या इटालियन प्रतिस्पर्धी शहराला, तसल्याच सवलती दिल्या. त्याच्या मुलाने १२८५ मध्ये खर्च वाचवायला आरमारच मोडलं, बेकार खलाशी तुर्कांकडे गेले. दोन-तीन यादवी युद्धं, त्यात राजमाता अॅनाने १३४३ मध्ये राजमुकुटाची रत्नं ३०,००० डुकाटांना व्हेनिसकडे गहाण टाकली, ती परत कधीच सुटली नाहीत. १३४७ च्या राज्याभिषेकाला मुकुटात काचा होत्या आणि जेवण मातीच्या नि कथलाच्या भांड्यांत वाढलं. ग्रेगोरास या तेव्हाच्याच लेखकाने लिहिलंय की खाडीपलीकडे जिनोआवाल्यांच्या गलात्यात जकातीचे वर्षाला दोन लाख हायपरपायरॉन यायचे आणि अलीकडे बादशहाला तीस हजार. पाणी तेच, जहाजं तीच. त्या सुमारासच सोन्याचं नाणं पाडणं बंद झालं, पुढे फक्त चांदी.

म्हणून तोफांचं विचाराल तर हो, १४५३ ला ऑर्बान या कारागिराने ओतलेल्या मोठ्या तोफांनी तट फोडला, पण तटावर उभे राहू शकतील अशी माणसं मोजली तेव्हा शहरातले ४,७७३ भरले, मोजणी करणाऱ्या स्फ्रांत्झेसला बादशहाने आकडा कोणाला सांगू नको म्हणून बजावलं. सहा किलोमीटरच्या वरचा नुसता जमिनीकडचा तट आहे, हिशोब करून बघा. या वेळी पण चर्चची भांडी वितळवून पगारासाठी चांदीची नाणी पाडली. ती बघितलीत तर हेराक्लियसच्या नाण्यापुढे नखाएवढी वाटतात, आणि मागे इजिप्त नाही, आशिया मायनर नाही, कर भरणारी गावं जवळपास नाहीतच. उस्मानी तुर्कांचा सुलतान मेहमेदने शहर २९ मे ला घेतलं, स्वतःला रोमचा कैसर म्हणवून घेतलं, आणि १४७७-७८ च्या सुमारास पहिल्यांदा स्वतःचं सोन्याचं नाणं पाडलं, ते वजनाला नि शुद्धतेला व्हेनिसच्या डुकाटच्या बरोबरीचं.